नकार अपेक्षित आहे

“आधी किल्ल्या, मग टोपी!”

हे वाक्य कानावर पडल्याला पस्तीस वर्षं उलटून गेली होती, आणि तरी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ते असं लख्ख आलं, की तिनं मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मागे होती ती शिट्टीमामांची रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा राखाडी स्वेटर, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज न करणारा काटा. आवाज बाबांचा होता. संग्रहालयाच्या लांबलचक बोळातून ड्यूटी संपवून येताना ते स्वतःलाच बजावत यायचे, कमरेला एक्केचाळीस दारांच्या किल्ल्यांचा जुडगा छुमछुमत असायचा, डोक्यावर पितळी बिल्ल्याची टोपी. आणि शाळा सुटून आलेली ती बाकावर पाय हलवत बसलेली असायची. छुमछुम जवळ आली की आता घर, एवढंच तिला त्या वाक्यात ऐकू यायचं. आज मात्र हातातला चहाचा पेला तसाच अधांतरी राहिला, आणि समोरच्या पडद्यावरच्या एका ओळीनं ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. पेला खाली ठेवताना चहा हिंदकळला, बशीत सांडला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. छातीत काहीतरी उडी मारून उभं राहिलं होतं. सापडलं! सापडलं ग बाई, सापडलं!

खरं तर ती काही शोधत नव्हती. इस्पितळाच्या या संगणक विभागात दर महिन्याला एक तक्ता भरावा लागे, यंत्रात आपोआप चालणारी कुठली प्रोसेस कुणाच्या नावानं चालू आहे त्याचा. कंटाळवाणं काम; ते शिट्टीमामांचं. शीळ घालत घालत ते तासाभरात हातावेगळं करायचे. पण शिट्टीमामा बारा दिवस घरी बसून होते, म्हणून ते तिच्याकडे आलं. तक्त्यात यूजरचा आकडा लिहायचा, पुढे जायचं. ‘हमाल’ या प्रोसेसपाशी आल्यावर तिनं, स्वतःच्या लेकराचं तोंड जरा जास्त वेळ न्याहाळावं तसं, त्याचं सगळं पान उघडलं. हमाल तिचा होता. नऊ वर्षांपूर्वी तिनंच लिहिलेला. प्रयोगशाळेतले रिपोर्ट उचलून दप्तरखान्याच्या दाराबाहेर नेऊन ठेवायचे, एवढंच त्याचं काम, आणि नाव ठेवलेलं शिट्टीमामांनी. “ओझी वाहतो ना? मग हमाल म्हणा. भलतंसलतं इंग्रजी नाव ठेवाल आणि मला उच्चारता यायचं नाही.” पानावर यूजरचे आकडे ओळीनं उभे होते, सगळे हमालाचेच, जसे हवे तसे. आणि त्यांच्याखाली, जिकडे कुणी बघत नाही, जिकडे तक्त्यात रकानाच नाही, तिथे गटांची ओळ, म्हणजे कुठली कुठली दारं उघडायची मुभा आहे त्याची. तिथे, हमालापाशी असूच नये असा, मशीनच्या मालकाचा शून्य बसला होता. शून्याशेजारी दप्तरखान्याचा आकडा, एकशे बारा. एखाद्या साध्या सदऱ्याच्या खिशातून चांदीची साखळी लोंबावी तसा.

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. कारण बारा दिवसांपूर्वी दप्तरखान्यातले चारशे सहा जुने रिपोर्ट एका झटक्यात पुसले गेले होते. त्या कपाटात हात घालायची मुभा फक्त दप्तर गटाला. गटात माणूस एकच, शिट्टीमामा. दुसरा सदस्य माणूस नव्हताच, ते मशीनचं मालक-खातं, रूट. त्याचा पासवर्ड लाखेची मोहोर मारून तिजोरीत, आणि मोहोर शाबूत. मग राहिलं कोण? “मी नाही हो,” एवढंच मामा म्हणाले होते, आणि ते इतक्या हळू म्हणाले की सगळ्यांना ते कबूल केल्यासारखंच वाटलं. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, दोन वर्षं राहिलेली. आज तीन वाजता चौकशीची शेवटची बैठक. आणि आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गटातला तिसरा सापडला होता. जिवंत, चालता, ह्या क्षणीही ओझी वाहणारा.

ती उठली, खोलीत एक फेरी मारली, पुन्हा बसली. असं तिचं नेहमी व्हायचं. आनंद झाला की पायांत जायचा. लहानपणी आई म्हणायची, हिच्या टाचांना कुणी स्प्रिंगा बसवल्यात का बघा. तिनं हमालाच्या प्रोग्रामचा जुना मजकूर उघडला. वाचायला लागण्याआधीच तिला कळलं होतं तिथे काय असणार, तरी वाचताना गाल तापले. यंत्राच्या आतल्या जगात प्रत्येक प्रोसेस कुणाच्या तरी नावानं जगते. हमाल जन्मतो तो मालकाच्या नावानं, रूट म्हणून, कारण प्रयोगशाळेकडचं एक दार मालकाशिवाय कुणाला उघडता येत नाही. दार उघडलं की मालकी उतरवायची. सर्वशक्तिमान राहून ओझी वाहू नयेत. चुकून पाय घसरला तर घर कोसळतं. म्हणून त्यानं साधं व्हायचं. आणि साधं होणंही सोपं नाही, कारण तिथे एकाला तीन ओळखी असतात: एक खरी, एक त्या घटकेला अंगावर असलेली, आणि एक राखून ठेवलेली. अंगावरची बदलली आणि राखलेली तशीच ठेवली, तर वाटेल तेव्हा परत मालक होता येतं. बाईनं माहेरचा डबा फळीवर मागे सरकवून ठेवावा, कुणाला दिसत नाही पण तिला ठाऊक असतो, तशी ती राखलेली ओळख. नऊ वर्षांपूर्वी तिला हे सगळं ऐकताना कोण हरखल्यासारखं झालं होतं! तिन्ही ओळखी उतरवायच्या, परतीची वाट स्वतःच्या हातानं बुजवायची, आणि मग हलकं होऊन चालू पडायचं. तिनं तिन्ही उतरवल्या होत्या. एकही मागे ठेवली नव्हती. केवढा अभिमान होता तिला त्या तिन्हींचा.

आणि त्या पुढच्या ओळीवर, ओळख उतरवून झाल्यावर, तिनं लिहिलं होतं: आता मालकाचे गट सोड.

आता! टोपी काढल्यावर! गट सोडायचे तर तेही मालकालाच सोडता येतात, आणि मालक तर आत्ताच, वरच्याच ओळीत, तिनंच तिन्ही अंगांनी घालवला होता. नुसत्या हमालाला कोण विचारतो? यंत्र म्हणालं, परवानगी नाही. आणि किल्ल्या, म्हणजे मालकाचे गट, राहिल्या खिशात. नऊ वर्षं. दर आठवड्याला हमाल स्वतःचा केरवारा करतो, स्वतःच्या खोलीतला जुना कागद फेकतो. दोन आठवड्यांपूर्वी डिस्क बदलताना एक वाट चुकीची जोडली गेली आणि त्याची खोली सोडून तो शिरला दप्तरखान्यात. वाट चुकली तर चुकली, पण दारानं अडवायला हवं होतं. दारानं खिशातली किल्ली पाहिली आणि बाजूला झालं. तो बिचारा आत गेला, चारशे सहा कागदांचा केर काढला, आणि पुढच्या ओझ्याला लागला. वाईट हेतू नाही, हेतूच नाही. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, कारण पाहा, किती सुंदर बसत होतं सगळं! एकेक खीळ आपल्या खाचेत. तिला वाटलं खिडकी उघडून खालच्या रस्त्यावरच्या माणसांना ओरडून सांगावं, अहो, मामांनी नाही केलं, ऐका हो!

मॅडमना मात्र तिनं बेतानंच सांगितलं. विभागप्रमुख मॅडम चष्मा कपाळावर सरकवून ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे यंत्राचीच भानगड. मला वाटलंच होतं, मामा कसले पुसतायत, त्यांना स्वतःचा डबा पुसायचा कंटाळा. तीन वाजता मांड हे. आणि हे बघ, घाबरू नको. नऊ वर्षांपूर्वीचा प्रोग्राम, तेव्हा आपण सगळेच नवे होतो. तांत्रिक बिघाड म्हणू या.” थोडं थांबून, “माझ्या खुर्चीसाठी तुझंच नाव पाठवलंय मी, माहीत आहे ना? विनाकारण अंगावर काही ओढून घेऊ नकोस.” ती मानेनं हो म्हणाली. तिचं मन पुढे धावत होतं, तिला बैठकीतले मामांचे डोळे आत्ताच दिसत होते.

जागेवर येऊन तिनं खालच्या कप्प्यातून त्या वर्षीची वही काढली. नुसतंच, आनंदात, जुन्या दिवसांचा वास घ्यावा म्हणून. जाड पुठ्ठ्याची वही, कडा पिवळ्या पडलेल्या, प्रत्येक पानावर तारीख आणि खाली विभागाचा गोल शिक्का, कारण तेव्हाच्या साहेबांना रोज संध्याकाळी वह्यांवर शिक्के मारायचा नाद होता. हमाल पहिल्यांदा चालवला त्या तारखेचं पान तिनं उघडलं. तिचंच अक्षर, तेव्हाचं, जरा उजवीकडे पळणारं. ‘तिन्ही ओळखी उतरल्या. चाचणी यशस्वी. गट सोडताना नकाराचा संदेश येतो. नकार अपेक्षित आहे. संदेश बंद केला.’

ती वाचत राहिली. पंखा फिरत होता. नकार अपेक्षित आहे. आणि मग ती संध्याकाळ आली, पायऱ्या चढत यावी तशी एकेक पाऊल. हीच खोली, भिंती तेव्हा फिकट हिरव्या. पडद्यावर हमाल चालू झालेला आणि दर मिनिटाला एक ओळ उमटत होती: परवानगी नाही. परवानगी नाही. ती टाळ्या पिटत होती! हो, टाळ्या. कारण तिला वाटलं, बघा, झाला दुबळा! साधा गट सोडायचं म्हटलं तरी यंत्र नाही म्हणतं, म्हणजे मालकी खरोखरच उतरली, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? नकार म्हणजे आपलं यश. तो सांगत होता की किल्ल्या खिशातच राहिल्या, आणि तिनं ऐकलं की टोपी निघाली. आणि मागच्या खुर्चीवरून मामांनी विचारलं होतं, अगदी आठवलं तिला, शीळ मध्येच तोडून, “काय ग, हा ओरडतोय कशाला सारखा?” “ओरडू दे मामा. ओरडतोय म्हणजे बरोबर चाललंय.” “अस्सं? मला आपलं वाटलं, त्याला काही दुखतंय.” ती हसली होती. पण ती सतत उमटणारी ओळ दिसायला बरी नव्हती, दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायचं होतं, म्हणून तिनं एका बोटानं त्याचं तोंड बंद केलं. मामांनी त्या आनंदात तिच्यासाठी एक अख्खं गाणं शिळेवर वाजवलं होतं.

वही मिटली गेली. छातीतली धडधड तीच होती, जरासुद्धा कमी झाली नव्हती, फक्त आता ती कशाची आहे ते कळेना. जत्रेतल्या पाळण्यात वर जाताना आणि खाली येताना पोटात तोच गोळा येतो, तसं काहीसं. चूक होणं वेगळं. ओळी उलट्या लागल्या, लागतात. पण हमालानं तर सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला. हे कुणालाही सांगायची काय गरज? प्रोग्राम तिचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, बिघाड तिनंच शोधला आहे, मामा सुटणार आहेत. वहीतलं एक पान कुणाला हवंय? तिनं वही कप्प्यात ठेवली. मग काढून पर्समध्ये ठेवली. मग पर्सची चेन लागेना, कारण वही मोठी होती.

साडेबाराला तिनं घरी फोन लावला.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो, पचलं, आता चहाची वाट बघतोय. तू कामावरून फोन केलास म्हणजे एकतर नोकरी गेली नाहीतर बढती मिळाली.”

“अजून दोन्ही नाही. तीन वाजता कळेल. बाबा, तुम्ही ते म्हणायचात ना, आधी किल्ल्या, मग टोपी, ते का हो?”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा गोष्ट सांगायची असली की सरळ बसायचे, फोनवरसुद्धा. “अग, फजिती झाली होती एकदा. तू तेव्हा रांगत असशील. असा उकाडा होता त्या दिवशी, टोपीत डोकं शिजायला लागलं. म्हटलं, जाता जाता टोपी आधी देऊन टाकू. दिली. मग गेलो किल्लीखिडकीशी. आतला म्हणतो, बिल्ला कुठाय? म्हटलं, अरे बाबा, मी! रोज तुझ्यासमोर उभा राहतो तो मी! म्हणतो, तुला ओळखतो रे, पण बिनबिल्ल्याच्या माणसाकडून किल्ल्या घ्यायचा नियम नाही.”

“मग टोपी परत घ्यायची!”

“कोण देतो? टोपीवाला म्हणाला, तुमची पाळी संपली, सही झाली. घ्या! ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून ह्याच्याकडे. शेवटी दोघं खिडक्या लावून घरी गेले. एक्केचाळीस दारं माझ्या खिशात, आणि मी कुणीच नव्हतो.”

ती इतक्या मोठ्यानं हसली की बाजूच्या टेबलवाल्यानं वर पाहिलं. “बाबा, अगदी हेच झालंय हो! अगदी, अगदी हेच!”

“कुणाचं?”

“एका हमालाचं. मग तुम्ही काय केलंत?”

“घरी आणल्या. तुझ्या आईला तर विषयच मिळाला. भाकऱ्या थापायला बसली की… आठवतंय तुला? ‘आधी किल्ल्या ग मोजाव्या, मग उतरावी टोपी. रित्या हातानं जो निघे, वाट घराची त्या सोपी.’” बाबांनी ते म्हटलं नाही, गायलं. आईच्या चालीवर, आईसारखंच ‘सोपी’वर जरा रेंगाळून.

“आणि दुसऱ्या दिवशी? सांगितलंत वर?”

“सकाळी लवकर गेलो, टोपी घेतली. मनात आलं, गुपचूप खुंट्यांना अडकवून टाकाव्या. कुणाला कळणार होतं? एकही दार उघडं नव्हतं.”

“मग?”

“तू काय करणार आहेस ते आधी सांग,” बाबा म्हणाले. “आवाजावरून तुझा खिसा जड वाटतोय.”

तिनं पर्सची अर्धी चेन पुन्हा ओढून पाहिली. बाबा आग्रह करणाऱ्यातले नव्हते. “येताना माझ्या चष्म्याचा स्क्रू आण,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन वाजता बैठकीच्या खोलीत पाच माणसं होती. लांब टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी, बाहेरून आलेले, सडसडीत, शाईच्या पेनानं लिहिणारे. मॅडम. टिपणं घेणारी लेखनिक. ती. आणि मामा, इस्त्रीचा सदरा घालून, दाढी ताजी, हनुवटीवर कापल्याचा बारीक लाल ठिपका. बारा दिवसांत ते लहान झाले होते. तिनं पडदा लावला आणि सांगायला लागली, आणि सांगताना सकाळचा तो उल्हास पुन्हा तिच्या गळ्यात चढला. हमाल, त्याच्या तीन ओळखी, उलट्या लागलेल्या दोन ओळी, टोपी, खिसा. खिडक्यांची गोष्ट सांगितली तेव्हा लेखनिकसुद्धा हसली. मामा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हळूहळू कानांपासून खाली आले. तिनं ते पाहिलं. त्या चार बोटं खाली आलेल्या खांद्यांसाठी तिनं काहीही दिलं असतं.

“सुरेख,” अधिकारी म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं. “बुद्धीचं काम आहे. पण एक सांगा. हा दोष आज आहे, हे तुम्ही दाखवलंत. त्या दिवशी होता कशावरून?”

“ओळी नऊ वर्षांपूर्वीच्या आहेत. फाईलवर तारीख आहे.”

“तारखा बदलता येतात. बाई, हे मला तुमच्याच विभागानं पहिल्या दिवशी समजावलंय. आणि त्या फाईलला हात लावायची मुभा या गृहस्थांनाही होती.” त्यांनी मामांकडे पाहिलं नाही, फक्त पेन त्या दिशेनं वळलं. “तुम्ही म्हणता, गट सोडायला गेला की यंत्र नकार देतं. नकाराची नोंद होते?”

“व्हायला हवी.”

“मॅडमनी दुपारी कळवलं तेव्हाच मी हमालाचे नऊ वर्षांचे लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, मागवून घेतले. त्यात असा नकार एकदाही नाही. एकदाही नाही! इतकी वर्षं रोज नकार मिळत होता तर हा तुमचा हमाल गप्प कसा? मला तर वाटतं, ओळी अलीकडे कुणीतरी उलट्या केल्या. मुद्दाम. स्वतःवरचा आळ जावा म्हणून.”

मॅडम घाईनं म्हणाल्या, “साहेब, संशयाचा फायदा देऊ या ना. कारण तांत्रिक बिघाड, आणि मामांची बदली भांडारात. दोन वर्षं तर राहिलीत.”

“तसं लिहिता येईल,” अधिकारी म्हणाले. “संशयाचा फायदा.”

लेखनिकचं पेन टेकलं. तिनं मामांकडे पाहिलं. त्यांचे ओठ शिळेसाठी मिटतात तसे गोल झाले होते, पण हवा निघत नव्हती; आणि ते नेमके तिच्याकडेच पाहत होते. त्या नजरेत तिला फिकट हिरव्या भिंती दिसल्या. हा ओरडतोय कशाला सारखा? त्यांना आठवत होतं. पहिल्या दिवसापासून आठवत असणार, आणि बारा दिवस त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आत्ताही सांगणार नव्हते. त्यांनी नजर वळवली, हळूच, जशी एखाद्याच्या उघड्या दारावरून वळवावी, आणि स्वतःच्या नखांकडे बघायला लागले.

तिच्या टाचा टेबलाखाली नाचायला लागल्या होत्या. सकाळचीच ती उडी, तीच, काडीचाही फरक नाही. म्हणजे ती खाली येण्याची नव्हतीच कधी, तिला वाटलं, वर जाण्याचीच होती. तिनं पर्समधून वही काढली. ती सहज निघेना, पुठ्ठा अडकला, मग निघाली. शिक्क्याचं पान उघडून तिनं वही टेबलावरून अधिकाऱ्यांपुढे सरकवली आणि उभी राहिली, उभं राहायची काही गरज नव्हती तरी.

“थांबा, ते लिहू नका,” ती लेखनिकला म्हणाली. मग मामांना, कारण प्रश्न त्यांचा होता आणि नऊ वर्षं तसाच पडून होता. “मामा, त्याला दुखतच होतं. तो पहिल्याच दिवशी ओरडून सांगत होता, मी ऐकलं होतं, आणि मीच त्याचं तोंड बंद केलं.”